गोलाच्या मागे

आमच्या इमारतीच्या सायकल-स्टँडला लागून किन्मोकुसेईचं एक झुडूप आहे. वर्षभर त्याच्याकडे कोणी बघतही नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मात्र एका सकाळी कचऱ्याच्या पिशव्या घेऊन खाली उतरावं, तर हवेत जर्दाळूच्या मुरंब्यासारखा दाट, गोड वास भरलेला असतो. फुलं एवढीशी, पारिजातकाच्या देठाच्या रंगाची. आठवडाभर जपानमधल्या आमच्या या सगळ्या उरायासु गावाला त्यांचा वास येतो, मग एका पावसात ती गळून पडतात आणि डांबर केशरी होतं. इथले लोक या वासाने हळवे होतात. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई परवा म्हणाल्या की हा वास आला की त्यांना शाळेतली धावण्याची शर्यत आठवते. मी मान डोलावली. मला काय आठवतं ते त्यांना सांगितलं नाही. मला एक मैदान आठवतं, माझ्या हातातला चहाचा मोठा थर्मास आठवतो, आणि बारा वर्षांच्या माझ्या मुलीने मान वळवून माझ्याकडे एकदाच टाकलेली नजर आठवते. वास नाकात शिरतो आणि माझी कानशिलं तापतात.

चार वर्षं झाली त्याला. त्या ऑक्टोबरात दोन गोष्टी एकदम चालू होत्या. सई सहावीत होती आणि तिच्या शाळेच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलकीपर होती. आणि तिकडे जर्मनीत ‘आपले’ हरत होते. ‘आपले’ म्हणजे तिथला एक मोठा क्लब. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना होस्टेलच्या टीव्हीवर मी त्यांच्या प्रेमात पडलो, आणि तेव्हापासून आमच्या घरात त्यांना नाव नाही. “आपले जिंकले का?” एवढंच विचारायचं, आणि उत्तर बहुतेक वेळा ‘हो’ असायचं. वर्षानुवर्षं पहिल्या नंबरवर बसलेला तो संघ त्या मोसमात काही कारण नसताना घसरत गेला. नवख्या, लहान गावच्या संघांकडून हरायला लागला. रविवारी सकाळी मी रेकॉर्ड केलेला सामना लावायचो, आणि कांदेपोहे निवून जायचे.

मला दोषी सापडला होता. गोलकीपर. तो हल्लीच्या पद्धतीचा कीपर होता, म्हणजे चेंडू समोरच्या टोकाला असला की हा गोल सोडून पार पुढे, मोठ्या चौकटीच्याही बाहेर येऊन उभा राहायचा. संघ जिंकत होता तेव्हा सगळे म्हणायचे, काय हिंमत आहे. आता दर सामन्यात एखादा लांबून मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावरून जायचा, तो उलटा धावत सुटायचा आणि चेंडू त्याच्याआधी जाळीत पोचायचा. ते दृश्य मी थांबवून, मागे नेऊन, पुन्हा बघायचो. जुन्या मित्रांच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकायचो की गोलकीपरने गोलात उभं राहावं, घर उघडं टाकून अंगणात फिरू नये. वीस-वीस अंगठे यायचे.

अनघा, माझी बायको, एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “समोर उभा असून दूध उतू घालवलंस. आणि जर्मनांना कुठे उभं राहायचं ते शिकवतोयस.”

तिचं खरं होतं. मी आयुष्यात एकही चेंडू अडवलेला नाही. होस्टेलच्या मॅचमध्येसुद्धा मी बाहेर बसून आरडाओरडा करणाऱ्यांतला होतो. पण रेषेवर उभं राहण्याबद्दल मला कळतं असं मला खरोखर वाटायचं, कारण मी नोकरीत तेच करत आलो होतो. पुण्याची टीम आणि इथला ग्राहक यांच्यामध्ये मी बसतो. कुठलीही गोष्ट अंगावर येण्याआधी मी तीन जणांना मेलमध्ये घेऊन ठेवतो. पुढे जाऊन बोलत नाही. पाठीला जाळी टेकलेली असली की मला बरं वाटतं.

सईचे प्रशिक्षक होरिए कोच, दिवसा नळाच्या दुरुस्तीची कामं करणारे साधे गृहस्थ, नेमकं उलटं शिकवायचे. एका शनिवारी त्यांनी दोन-तीन उड्या मारायच्या दोऱ्या एकमेकींना बांधल्या, एक टोक सईच्या कमरेला आणि दुसरं रिनच्या. रिन ही बचावफळीची कप्तान आणि सईची जिवलग मैत्रीण. दोरी ताणली जाऊ द्यायची नाही आणि जमिनीवर लोळूही द्यायची नाही, असा खेळ. रिन पुढे गेली की सईने पुढे, रिन मागे आली की सईने मागे. दोघी अडखळत होत्या, पडत होत्या, हसून हसून बेजार होत होत्या. कोच आम्हा पालकांकडे वळून म्हणाले की कीपरचं काम रेषा राखणं नव्हे, आपल्या माणसांच्या पाठीमागची मोकळी जागा राखणं. मी हसून मान हलवली आणि मनात म्हटलं, या माणसाने आपल्यांचा सामना पाहिलेला दिसत नाही.

रिनने सईच्या हातमोज्यांवर पेनने छोटा गेंडा काढला होता. जपानी तोंडात ‘सई’चं ‘साई’ होतं, आणि साई म्हणजे गेंडा. पहिलीत त्यावरून सई रडली होती. सहावीत ती गोलात उभी राहिली की सगळ्या मुली “गेंडा, गेंडा” ओरडायच्या आणि तिची छाती फुगायची. आठ-आठ जणींचा तो खेळ. त्यात मागून सगळ्यांना हाका मारून हलवणारी एकच, कीपर. घरात एका शब्दाला महाग असलेली माझी मुलगी मैदानात सतत बोलायची. “उजवीकडे. थांब. माझा चेंडू.” सगळं जपानीत, खणखणीत. मी कडेला उभा राहून ऐकायचो आणि ही कोणाची मुलगी असं वाटायचं.

मैदानावर पालकांसाठी नियम होता. टाळ्या वाजवा, नाव घेऊन हुरूप द्या, पण कुठे जा, काय कर, हे ओरडायचं नाही. ते मुलींचं आणि कोचचं काम. मोसमाच्या सुरुवातीला सगळ्यांना कागद मिळाला होता. जो पालक ऐकणार नाही त्याला ‘थोडे दिवस येऊ नका’ म्हणून सांगत. मी नियम मोडला नाही. मी त्यातून पळवाट काढली. मी मराठीत सांगायचो. टाळ्या वाजवता वाजवता, हसऱ्या चेहऱ्याने, “छान, छान, जरा मागे राहा गं बाळा.” शेजारच्या आयांना वाटायचं, मुलीचं कौतुक चाललंय. एक आई म्हणाली होती की तुमची भाषा ऐकायला किती मऊ वाटते. मी आभार मानले होते. सई ऐकायची आणि घरी येऊन जपानीत पुटपुटायची की कोच वेगळं सांगतात. मी म्हणायचो, कोच चांगले आहेत, पण तू माझं ऐक.

तो सामना वर्षाच्या शेवटच्या स्पर्धेआधीचा होता. त्या दिवशी पालकांपैकी कामाची पाळी माझी होती, म्हणजे थर्मास भरणं, औषधांची पेटी सांभाळणं, आणि गोलाच्या मागे उभं राहून बाहेर गेलेले चेंडू आणून देणं. समुद्राकडून वारा होता, आणि कुंपणापलीकडच्या किन्मोकुसेईचा वास वाऱ्याबरोबर येत-जात होता. सकाळीच मी आपल्यांना आणखी एकदा हरताना पाहिलं होतं, कीपरच्या डोक्यावरून गेलेल्या चेंडूने. ते चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं. शेवटची काही मिनिटं उरली होती, दोन्ही संघांच्या नावावर एकही गोल नव्हता. समोरच्या संघाच्या एका चपळ मुलीला मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळाला. सई, शिकवल्याप्रमाणे, चौकटीच्या पुढे येऊन उभी होती. तिच्यामागे रिकामं गवत, रिकामी रेषा, मग जाळी, मग मी.

मी घाबरलो. घाबरलो की माझा आवाज चिरकतो, बाईमाणसासारखा बारीक होतो. त्या आवाजात मी ओरडलो, “मागे! मागे!”

जपानीत ‘माए’ म्हणजे पुढे. वाऱ्यात ‘मागे’मधला ‘ग’ टिकला नाही. सई मराठी ऐकून उलटी पळत रेषेवर आली. रिन आणि तिच्या शेजारच्या दोघी ‘माए’ ऐकून पुढे धावल्या, कारण पाठीमागून हुकूम येतो तो कीपरचाच, आणि कीपरचं ऐकायचं असतं. एकाच शब्दावर दोन बाजूंना माणसं गेली आणि मधे केवढी तरी मोकळी जागा उघडली. त्या चपळ मुलीने चेंडू हलकेच त्या जागेत टाकला आणि एक किरकोळ अंगाची मुलगी एकटीच त्याच्यावर धावत आली. सई आधी होती तिथेच राहिली असती तर चेंडू तिच्या पायात आला असता. ती रेषेवर होती. चेंडू तिच्या डाव्या हाताच्या बाजूने आत आला आणि जाळीला लागून माझ्यासमोर थांबला. माझं काम होतं ते. मी तो उचलून दिला.

हरल्यानंतर मुली कोचसमोर अर्धगोल करून बसल्या. मी मागे कपांत चहा ओतत होतो. कोच रागावले नव्हते. त्यांना फक्त समजून घ्यायचं होतं की फळी का फुटली. रिन म्हणाली, मागून ‘माए’ ऐकू आलं. दुसऱ्या दोघींनीही तेच सांगितलं. कोचनी विचारलं, “साई-चान, तू म्हणालीस?”

तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. माझ्या हातात थर्मास होता. मी पुढचा कप घेतला.

“हो,” ती म्हणाली. “मी म्हणाले.”

“मग तू स्वतः मागे का गेलीस?” हे रिनने विचारलं.

सई उठून उभी राहिली आणि सगळ्यांपुढे कमरेत वाकून माफी मागितली. मी चहा ओतत राहिलो. एक कप भरून वाहिला.

सायकलींवरून आम्ही घरी आलो. अनघाने दार उघडल्या उघडल्या विचारलं काय झालं, तर मी म्हणालो, “हरले. पोझिशनिंग चुकलं.” कोणाचं, ते म्हणालो नाही. सई बूट काढत होती. तिने ते ऐकलं. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर जर्मन कीपरबद्दल आणखी एक मजकूर टाकला. हे लिहितानासुद्धा मला वाटतं की हे वाक्य खोडून टाकावं. पण टाकला होता.

पुढचे दोन सामने सई गोलात होती, पण तिचा आवाज बंद झाला. ती उभी राहायची, चेंडू आला तर अडवायची, बोलायची नाही. रिन तिच्याकडे वळून बघायची नाही. जी आपल्याला पुढे ढकलते आणि स्वतः मागे पळते, तिच्या भरवशावर कोण खेळणार. तिसऱ्या आठवड्यात सईने आपणहून कोचना सांगितलं की मला गोलात नको. हातमोजे दुसऱ्या मुलीला देऊन टाकले. शेवटच्या स्पर्धेत ती उजव्या कडेला, कोणाच्या अध्यातमध्यात न येता खेळली. मार्चमध्ये शाळा संपली, रिन दुसऱ्या माध्यमिक शाळेत गेली, आणि दोघींचं जे काही होतं ते तिथे संपलं.

मी कोचना कधीही सांगू शकलो असतो. दर शनिवारी ते दहा पावलांवर असायचे. मी स्वतःला सांगत होतो की एवढं नाजूक बोलण्याइतकी माझी जपानी चांगली नाही. आणि माझा पोटापाण्याचा धंदाच माफी मागण्याचा आहे. पुण्याहून आलेल्या कामात चूक निघाली की ग्राहकापुढे मी उभा राहतो. साधी माफी, मोठ्यांची माफी, अगदी जमिनीला टेकणारी माफी, तिन्ही मला झोपेत म्हणता येतात. माझ्या माफ्या ऐकून एकदा ग्राहक कंपनीचे साहेब म्हणाले होते की केळकर-सान, तुमची जपानी आमच्या नव्या पोरांपेक्षा शुद्ध आहे. दुसऱ्यांच्या चुकांसाठी माझ्याकडे एवढी भाषा होती. स्वतःच्या चुकीशी आलो की मी परदेशी होऊन जायचो.

आपले त्या वर्षी कसेबसे मधल्या जागेवर संपले. पुढे सगळं शांत झाल्यावर मी ते सामने पुन्हा पाहिले, या वेळी पूर्ण मैदान बघत. कीपर जिथे असायला हवा तिथेच होता. त्याच्या पुढचे चौघे हरण्याच्या भीतीने बिचकले होते. दोघे चढायचे, दोघे दबायचे, आणि मधे पडलेली खिंडारं तो एकटा धावून धावून बुजवत होता. जी बुजली ती मला दिसली नव्हती. जी राहिली तेवढीच मी मोजली होती. अनोळखी माणसाला वर्षभर दिलेल्या शिव्या परत घेता येत नाहीत, आणि त्याला त्याची गरजही नव्हती.

यंदा पुन्हा आपले घसरलेत. गेल्या रविवारी थालीपीठं खाता खाता मी सामना बघत होतो. सई आता सोळा वर्षांची आहे, फुटबॉल केव्हाच सुटलाय, शाळेच्या वाद्यवृंदात मोठी तुतारी वाजवते. तीही ताट घेऊन शेजारी येऊन बसली, आणि समालोचक नव्या कीपरला नावं ठेवत होता तेव्हा जपानीत म्हणाली की तो बरोबर उभा आहे, पुढचे घाबरलेत. खिडकी उघडी होती. खालून तो वास आला. मी टीव्ही बंद केला.

“सई, त्या दिवशी,” मी सुरुवात केली.

“माहितेय बाबा.” हे मराठीत.

मी विचारलं की मग तू का म्हणालीस, मी म्हणाले म्हणून. तिने घास संपवला.

“नाहीतर तुला मैदानावर येऊ नका म्हणून सांगितलं असतं. आणि मला तू यायला हवा होतास.”

मी सॉरी म्हणालो. ती म्हणाली, “मला नको ना म्हणूस. मला तर सगळं माहीतच होतं. रिनला माहीत नाही.” चार वर्षं रिन समजून आहे की सईने तिला पुढे पाठवलं आणि ती स्वतः मागे पळाली. मी म्हटलं, तू का नाही सांगितलंस तिला. सई म्हणाली की मी काय सांगू, आमच्या बाबांनी केलं असं? मग शांतपणे ताट उचलताना तिने सांगितलं की रिन स्टेशनसमोरच्या कोंबिनीत, त्या चोवीस तास उघड्या दुकानात, शनिवारी सकाळी बाइतो, म्हणजे तासांवरची नोकरी, करते. खरं तर हे मलाही ठाऊक होतं. गल्ल्यामागे उभी असते म्हणून शनिवारची कॉफी मी पलीकडच्या दुकानातून घ्यायला लागलो होतो.

काल शनिवार होता. दुकानात दोन माणसं होती ती जाईपर्यंत मी मासिकांपाशी उभा राहिलो. मग पाण्याची बाटली घेऊन गल्ल्यावर गेलो. रिन उंच झालीय. तिने पिशवी हवी का विचारलं. मी नको म्हणालो, आणि मग माझ्या तोंडातून ऑफिसातली सगळ्यात मोठी माफी बाहेर पडली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, घडी न मोडता. ती दचकली. तिला वाटलं मी दुकानाबद्दल तक्रार करतोय. तीही घाईघाईने वाकून माफी मागायला लागली, मॅनेजरना बोलावू का विचारायला लागली. गल्ल्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं एकमेकांपुढे वाकत होतो.

मी थांबलो. लहान मुलांशी बोलतात तशा साध्या जपानीत सांगितलं, मी सईचा बाबा. सहावीत असताना, मैदानावर, मागून ओरडला तो आवाज माझा होता. सईचा नव्हता.

रिनचे हात बाटलीवर तसेच राहिले. तिने विचारलं, “पण तुम्ही ‘माए’ का म्हणालात?”

“मी ‘माए’ म्हणालो नाही. ‘मागे’ म्हणालो.”

“मागे म्हणजे काय?”

“उशिरो,” मी म्हणालो. जपानीत मागे म्हणजे उशिरो. माझ्या कानाला तो शब्द मराठीच वाटला.

तिने दोन्ही शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. एकदा ‘मागे’, एकदा ‘माए’. आणि मग माझ्याकडे न बघता, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “म्हणजे आम्ही दोघींनी बरोबरच ऐकलं होतं.”

मी हो म्हणालो.

“साईला तेव्हाच कळलं होतं?”

मी पुन्हा हो म्हणालो. माझ्यामागे एक गृहस्थ हातात डबा घेऊन येऊन उभे राहिले होते. रिनने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. या देशात पायावर पाय पडला तरी, चहा सांडला तरी, अख्खी प्रणाली दिवसभर बंद पडली तरी समोरचा माणूस माफीला ‘दाइजोबु’ म्हणतो, काही हरकत नाही. वीस वर्षांत मी तो शब्द हजारो वेळा ऐकलाय आणि घरी घेऊन आलोय. रिन तो म्हणाली नाही. बाटली माझ्या पुढ्यात ठेवून ती तशीच उभी राहिली, आणि मी बाजूला झालो.